पुढच्या काचेवरचं दव, धुकं आणि हिमकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं जास्त येऊ लागतात. महाबळेश्वर-पाचगणीला एखादी रात्र मुक्काम करून येताना ज्यांची पुढची काच तडकली, ते एक. आणि पहाटे घाटातून दूध, भाजी, स्ट्रॉबेरी किंवा प्रवासी घेऊन उतरणारे गाडीवाले दुसरे. त्यांचं गाऱ्हाणं एकच असतं, "काच काही केल्या साफ होत नाही." साताऱ्यात गाड्यांच्या काचा बसवण्याच्या कामात मला वीसेक वर्षं झाली. या काळात जे प्रश्न दर थंडीत पुन्हा पुन्हा ऐकले, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

आपल्याकडे खरंच काच गोठते का? की ते नुसतं दव असतं?

सातारा, वाई, कऱ्हाड, सांगली या भागात सकाळी काचेवर दिसतं ते जवळजवळ नेहमीच दव असतं. वायपर दोनदा फिरवला की जातं. महाबळेश्वरची गोष्ट वेगळी. उंची सुमारे ४,५०० फूट, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडीचा कडाका पडला की वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गवतावर आणि जीपच्या टपांवर पांढरे हिमकण धरतात. त्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. तिथे उघड्यावर लावलेल्या गाडीच्या काचेवर पहाटे जे असतं, ते वायपरला दाद देत नाही.

पारा तर पाच-सहा अंशांवर होता. मग काचेवर बर्फ कसा धरला?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण शंका अगदी रास्त आहे. पाणी शून्याला गोठतं, मग पाच अंशांत बर्फ आला कुठून?

तापमान मोजतात ते सावलीतल्या हवेचं, जमिनीपासून चार फुटांवर. काच त्या हवेपेक्षा गार होऊ शकते. निरभ्र रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत असते. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. ढग नसले की उष्णता जाते ती जातेच. गाडीचा टप आणि पुढची तिरकी काच आभाळाकडे तोंड करून असतात, म्हणून त्या सगळ्यात आधी निवतात आणि आसपासच्या हवेच्या कितीतरी अंश खाली जातात. त्यात वारा पडलेला असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. शिवाय गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागी साठते. वेण्णा तलावाकडे गावापेक्षा जास्त गारठा असतो तो यामुळे, आणि वाफेला तिथे पाणी तर हाताशीच आहे.

बाजूच्या दारांच्या काचा उभ्या असतात. त्यांच्यासमोर झाडं, भिंती, शेजारची गाडी असते, म्हणून त्या बहुधा वाचतात. झाडाखाली लावलेली गाडी कोरडी आणि दहा पावलांवरची उघडी गाडी पांढरीशुभ्र, असं तिथे सर्रास दिसतं.

काच धूसर आहे. ते आतून आहे की बाहेरून, कसं ओळखायचं?

आतून काचेवर बोट ओढा. रेघ उमटली तर आतलं. हे आधी बघाच, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बाहेरच्या बर्फासाठी आतून कापड घासत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि आतल्या वाफेसाठी बाहेर पाणी मारणारीही. कडक थंडीत दोन्ही बाजूंनी धरलेलं असू शकतं. तेव्हा बाहेरचं आधी काढा.

आतली वाफ घालवायला एसी लावायचा की हिटर?

दोन्ही, एकदम. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागचं कारण सरळ आहे. आतल्या काचेवर धरतं ते पाणी आपल्याच श्वासातलं असतं. एक माणूस बसल्या जागी श्वास आणि घाम मिळून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं, ओले बूट, मागे भिजलेल्या शाली आणि बंद काचा, एवढं असल्यावर पाणी जाणार कुठे? सगळ्यात गार जागेवर, म्हणजे काचेवर.

एसीचं मूळ काम हवेतलं पाणी काढून घेणं. ते पाणी गाडीखाली थेंबाथेंबाने पडताना तुम्ही पाहिलं असेल. हिटर ती कोरडी हवा गरम करतो, आणि गरम कोरडी हवा काचेवरची वाफ शोषून घेते. तेव्हा हवेचा रोख काचेकडे, ब्लोअर मोठा, काटा गरमकडे, एसीचं बटण चालू. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद. बाहेरची हवा कितीही गार असली तरी त्या पहाटे तिच्यात पाणी कमी असतं. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली केल्या तर काम आणखी लवकर होतं.

बाहेर हवा शून्याच्या आसपास असेल तर बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद राहतो. तो बिघाड नाही. तेव्हा हिटर आणि बाहेरची हवा यांवरच भागवावं लागतं.

पावसाळ्यात उलटंच होतं. एसी लावला की काच धूसर होते.

बरोबर. कासला किंवा कोयनेकडे जाताना पावसात बाहेरची हवा उबदार आणि ओली असते, आणि एसीने काच गार झालेली असते. मग वाफ बाहेरून धरते. वायपर फिरवा आणि काचेवरचा गार झोत कमी करा.

गरम पाणी ओतलं तर चालेल का?

नाही. कोमटही नको.

महाबळेश्वरला एकदा कुटुंबासह मुक्कामाला होतो. सकाळी साडेसहाच्या सुमाराला आवारात शेजारच्या गाडीवाल्याने स्वयंपाकघरातून चहाच्या पाण्याची किटली आणली. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्याने ड्रायव्हरच्या बाजूला धार सोडली होती. पहिली दोन सेकंद काच सुंदर निघाली, काळी, स्वच्छ. मग 'टक्' असा बारीक आवाज आला, सुपारी फुटावी तसा. वायपरच्या मुळाशी हरभऱ्याएवढा जुना टवका होता. तिथून निघालेली रेघ आमच्या डोळ्यांदेखत वर सरकत मधल्या आरशाच्या खाली जाऊन थांबली. तो माणूस किटली हातात धरून तसाच उभा राहिला. बायको-मुलं आवरून यायची होती आणि त्याला कोल्हापूर गाठायचं होतं.

कारण असं, की काच उष्णता फार हळू पुढे नेते. पाणी पडलं तिथली काच एकदम पसरते, शेजारची गारच राहते, आणि दोघींच्या ओढाताणीत जो भाग कच्चा असतो तो फुटतो. कच्चा भाग म्हणजे टवका, जुना ओरखडा किंवा काचेची कडा. तुमच्या काचेला टवका नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण घाटातून खडीचे डंपर ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याने तुमची गाडीही जाते. शिवाय ओतलेलं पाणी वायपरच्या खाचेत आणि दारांच्या रबरात उतरतं आणि तिथे पुन्हा गोठतं.

मग बर्फ काढायचा तरी कसा?

गाडी सुरू करा. ब्लोअर काचेकडे वळवा आणि सुरुवातीला मधल्या वेगावर ठेवा. हिटर एकदम पूर्ण गरमवर नेऊ नका. थंड इंजिनातून पहिली काही मिनिटं गार हवाच येते, डिझेल गाडीत तर जास्तच वेळ. पुढे ती हळूहळू गरम होते, आणि काचेला तसंच सोसतं.

तोवर बाहेर उतरा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायला लागा. काचेसाठी मिळणारी प्लास्टिकची खरवडणी उत्तम. ती नसेल तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड चालतं. चालू कार्ड वापरू नका, कडा झिजते आणि चिप खराब होते. कार्ड थोडं तिरकं धरायचं आणि वरून खाली, एका दिशेने, लहान लहान फटक्यांनी काढायचं. गोलगोल घासलं तर बर्फात अडकलेली धूळ काचेवर फिरते आणि ओरखडे पडतात. ते तेव्हा दिसत नाहीत, रात्री समोरून दिवे आले की दिसतात. सुरी, उलथनं, तारेची घासणी काचेच्या जवळही आणू नका.

तळचा थर सुटा झाला की बाकीचा पापुद्र्यासारखा निघतो. सगळा बर्फ वितळायची वाट पाहायची गरज नसते. मग टपावरचा आणि बोनेटवरचाही झाडून टाका, नाहीतर पहिल्या उतारावर ब्रेक मारताच टपावरचं सगळं काचेवर येतं.

वायपर आणि काच धुण्याचं पाणी यांना तोपर्यंत हात लावायचा नाही. गोठलेल्या काचेवर साधं पाणी उडवलं तर ते तिथल्या तिथे गोठतं, आणि हे चालत्या गाडीत घडलं तर समोर एकदम पांढरा पडदा येतो.

स्पिरिट, सॅनिटायझर, मीठ, व्हिनेगर यांतलं काय वापरावं?

यांतलं एकच मी सांगेन. आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवा. ते शून्याच्या बरंच खाली जाईपर्यंत गोठत नाही, म्हणून हिमकणांवर मारलं की ते मऊ पडतात. मात्र ते पेट घेतं. जवळपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना ते पाहा, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि उन्हात गाडीत सोडू नका.

चिकट सॅनिटायझर काचेवर साय धरतो. मीठ बर्फ वितळवतं खरं, पण ते पाणी बोनेटच्या सांध्यांत आणि बीडिंगखाली, म्हणजे काचेभोवतीच्या पट्टीखाली, जातं. काच बदलताना खालचा पत्रा गंजून कागदासारखा झालेला मी पाहिला आहे. व्हिनेगरमध्ये बहुतेक पाणीच असतं.

रात्री वायपर उभे करून ठेवावेत का?

तत्त्वतः हो, म्हणजे रबर काचेला चिकटत नाही. पण महाबळेश्वर-पाचगणीला मी हा सल्ला देत नाही. तिथली माकडं पहाटेच गाड्यांवर येतात आणि उभा वायपर दिसला की धरून ओढतात. त्यापेक्षा रबराखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. सकाळी पातं चिकटलेलं असेल तर ओढू नका आणि बटणही दाबू नका. रबराची कड फाटते, आणि मोटर अडून फ्यूज उडतो. काच तापली की ते आपोआप सुटतं.

रात्रीच काही करून ठेवता येतं का?

येतं, आणि सगळ्यात मोठा फायदा यातच आहे. मघाशी सांगितलं तसं, काच निवते ती आभाळ दिसतं म्हणून. तिला आभाळ दिसू दिलं नाही की काम झालं. महाबळेश्वरचे जुने जीपवाले पुढच्या काचेवर कोरडं गोणपाट टाकून त्याची टोकं दारांत दाबतात. पुठ्ठा, जाड चादर, गाडीचं कव्हर, काहीही चालतं. अट एवढीच की ते कोरडं हवं. ओलं कापड काचेला असं चिकटतं की बर्फ परवडला.

झाड किंवा पडवी मिळाली तर तिथेच गाडी लावा. काही जण पूर्वेकडे तोंड करून लावतात, म्हणजे उजाडताच ऊन काचेवर येतं. पर्यटकांसाठी ते ठीक. ज्याला पाचला निघायचंय त्याला त्याचा उपयोग नाही.

परदेशातल्या गाड्यांत समोरची काच आपोआप तापते म्हणे. ते काय असतं?

खरं आहे, आणि ती फार सुंदर गोष्ट आहे. पुढची काच मुळात एक नसते. दोन पातळ काचा आणि मधे प्लास्टिकचा पारदर्शक थर असा तो सांधा असतो. तापणाऱ्या काचेत या मधल्या थरात केसाहून बारीक टंगस्टनच्या तारा उभ्या पसरलेल्या असतात. बटण दाबलं की त्यांतून वीज जाते आणि काच आतूनच तापते. फोर्डने १९८५ मध्ये युरोपात स्कॉर्पिओ नावाच्या गाडीवर अशी काच आणली. आपल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओशी तिचा काही संबंध नाही. विमानांच्या काचा त्याच्या आधीपासूनच तापत्या आहेत. दुसऱ्या एका प्रकारात तारांऐवजी धातूचा अतिशय पातळ, आरपार दिसणारा लेप असतो.

याला वीज किती लागते, त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. एक चौरस मीटर, पाच मिलिमीटर जाडीची काच धरा. तिचं वजन साडेबारा किलो भरतं. ती पाच अंशांनी तापवायला सुमारे ५० किलोज्यूल लागतात. वर दीडशे ग्रॅम हिमकण असले तर ते वितळवायला आणखी ५०. ही १०० किलोज्यूल ५०० वॉटने द्यायची तर २०० सेकंद, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. बाहेर वाया जाणारी उष्णता धरली तर थोडं जास्त. आता ५०० वॉट म्हणजे १२ व्होल्टच्या गाडीत ४० अँपिअरहून जास्त प्रवाह. साध्या हॅलोजन हेडलाइटची जोडी जेवढी वीज घेते, त्याच्या चौपट! लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणूनच ही काच इंजिन चालू असतानाच तापते आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होते.

तिचा एक दोषही सांगतो. ऊन तिरकं आलं की त्या बारीक तारा दिसतात. काहींच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो.

तशी काच माझ्या गाडीला बसवून मिळेल का?

मी बसवणार नाही. आपल्याकडच्या साध्या गाड्यांना ती कंपनीतून येत नाही. नुसती काच आणून भागत नाही. जाड वायर, रिले, वेळेवर बंद करणारी जोडणी आणि तेवढा भार पेलणारा अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज तयार करतो तो), हे सगळं लागतं. सिगारेट लायटरच्या भोकात लावायचे छोटे पंखे बाजारात मिळतात, 'काच गरम करणारे' म्हणून. ते बहुतेक दीडशे वॉटच्या आसपासचे असतात. वरचा हिशेब पाहिलात तर त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. वर्षातल्या चार-सहा रात्रींसाठी गोणपाट पुष्कळ आहे.

मागच्या काचेवरच्या रेघांपैकी दोन चालत नाहीत. काच बदलावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. मागच्या काचेवर तारा नसतात, आतल्या बाजूला चांदीयुक्त लेपाच्या रेघा छापून भाजलेल्या असतात. एक रेघ कुठेही तुटली की ती अख्खी बंद पडते, बाकीच्या चालू राहतात. काच वाफाळलेली असताना डिफॉगर, म्हणजे या रेघा तापवणारं बटण, लावा. जी पट्टी साफ होत नाही, ती तुटलेली. तूट नेमकी कुठे आहे ते मीटरने सापडतं. चांगल्या रेघेवर टोक सरकवत नेलं की व्होल्ट हळूहळू बदलतात, तुटलेल्या रेघेवर ते जिथे एकदम उडी मारतात ती जागा. दोन बाजूंना चिकटपट्टी लावून मधे वीजवाहक रंगाचा एक फराटा दिला की काम होतं.

या रेघा बहुतेक वेळा आपल्याच हातून तुटतात. 'आई-बाबांचा आशीर्वाद' किंवा 'जय शिवराय' आतून लावलेलं असतं आणि दोन वर्षांनी ते ब्लेडने खरवडलं जातं. स्टिकर लावायचं तर बाहेरून लावा. काच पुसताना कापड रेघांच्या दिशेने फिरवा, आडवं नको.

गाडी इलेक्ट्रिक आहे. काय वेगळं करावं?

इंजिनाची ऊब नसल्याने तिला विजेवरचा हिटर असतो, आणि तो लवकर गरम होतो ही चांगली गोष्ट. पण वीज त्याच बॅटरीतून जाते. मुक्कामी चार्जर असेल तर निघण्याआधी, गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच मोबाइलवरून हिटर सुरू करा. काच साफ होते आणि घाट उतरायला बॅटरी भरलेली राहते.

बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून तापवली तर?

कधीही नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणूस मारतो. शटर उघडा, गाडी बाहेर काढा, मग तापवा.

घाई असते. समोरची थोडी काच पुसून निघालो तर?

हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून कळवळून सांगतो. पाचगणीहून पहाटे निघालो, पसरणी घाट उतरायचा होता. स्टिअरिंगसमोर तळहाताएवढी जागा पुसली होती, बाकी काच दुधाळ. पाचगणीहून वाईकडे उतरताना तोंड पूर्वेला. एका वळणावर सूर्य समोर आला आणि उरलेली सगळी काच एकदम पेटल्यासारखी उजळली. त्या तळहाताएवढ्या जागेतूनही काही दिसेना. ब्रेक दाबून थांबलो तेव्हा डाव्या कडेने डोक्यावर भारा घेतलेली एक बाई चढत होती, गाडीपासून दहा फुटांवर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चालत राहिली. तिथेच गाडी कडेला घेतली आणि सगळी काच पुसली, आरसे आणि बाजूच्या काचांसकट. पाच मिनिटं लागली.

काच पुसूनही समोरचे दिवे फाटल्यासारखे दिसतात.

आतून काचेवर तेलकट थर आहे. उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ तिथे जमते, आणि अशा काचेवर धुकंही लवकर धरतं. साबणाच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरड्या सुती फडक्याने घासा. थंडीच्या दिवसांत महिन्यातून दोनदा पुरे.

काचेला छोटा टवका आहे. थंडीआधी बघावं का?

जरूर. एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, कडेपासून लांब आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेत नसलेला टवका राळ भरून थांबवता येतो. अर्ध्या तासाचं काम आहे. तडा धावायला लागल्यावर काच बदलण्याशिवाय इलाज नाही, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. दुकानात येईपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा आणि गाडी धुऊ नका. आत पाणी किंवा धूळ गेली की राळ नीट धरत नाही.